माझ्या हातांना बांधलेली ओढणी

मित्रांनो, चाके असलेल्या वस्तूला महिनोन्‌महिने जागचे हलू दिले नाही तर तिला काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? माझ्यावर ती वेळ आली होती. मी चाकांची खुर्ची. तुम्ही मला दवाखान्याच्या दारात पाहिले असेल, नाहीतर रेल्वेच्या फलाटावर. माझे वय बारा वर्षांचे. माणसांमध्ये हे वय खेळण्याचे, पण खुर्च्यांमध्ये मी म्हातारीच म्हणायची. माझ्या बैठकीला दोन ठिगळे आहेत आणि उजवे चाक वळताना कुरकुरते. तरीही जे घडले ते मला नीट आठवते, आणि ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म वापीच्या एका लहान कारखान्यात झाला. पोलादाच्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर निळ्या रेक्झिनची बैठक ताणून बसवली. सगळे जोडून झाल्यावर एका कारागिराने मला मोकळ्या फरशीवर ढकलले आणि हात सोडले. मी कुठेही न वळता सरळ धावत गेले आणि समोरच्या भिंतीला अलगद टेकले. "बराबर छे," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पहिली सहा वर्षे मी बोर्डीला काढली. तिथे नारू गुरुजी म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहत. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली होती. त्यांची सून भाविनी रोज संध्याकाळी त्यांना माझ्यावर बसवून चिकूच्या वाड्यांमधून समुद्राकडे नेई. वाळूत माझी चाके रुतत, मग ती मला पाठमोरी ओढत नेई आणि घामाघूम होई. घरी परतल्यावर गुरुजी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत, "आज मी भाविनीला फिरवून आणलं हो!" दर रविवारी भाविनी माझ्या चाकांना शिवणयंत्राचे तेल घाली. गुरुजी गेले तेव्हा तिने मला धुतले, पुसले आणि म्हणाली, "ही अडगळीत पडायला नको. कोणाच्या तरी उपयोगी पडू दे." म्हणून तिने मला एका वृद्धाश्रमाला देऊन टाकले. तिचा हेतू किती चांगला होता!

चारोटीहून महामार्गाने तलासरीकडे जाताना एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर हा आश्रम आहे. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण कोणाला लाज आणावी हा माझा हेतू नाही. जुन्या शेतघराचाच आश्रम केलेला, वर कौले, पुढे लांबलचक पडवी. त्या बाजूला गेली काही वर्षे जमीन अधूनमधून हादरते. भिंतींना केसासारख्या भेगा पडलेल्या आहेत आणि लोकांना त्यांची सवय झालेली आहे.

आश्रमात अठरा वृद्ध होते आणि दिवसा त्यांचे सगळे करायला दोन बायका होत्या, कमळी आणि जानी. कमळी तलासरीच्या पलीकडच्या डोंगराळ गावातली. घरी भात आणि नाचणीची शेती. सकाळी जीपने यायची आणि आल्या आल्या पदर खोचून कामाला लागायची. आश्रम चालवणाऱ्या बाईंचे नाव हर्षदा. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मित्रांनो, त्या वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगते. चादरी स्वच्छ असत, जेवण वेळेवर असे, कोणाची गोळी कोणती हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना भीती फक्त एकाच गोष्टीची वाटे. एका वर्षी न्हाणीघरात पडून एका आजोबांचे खुब्याचे हाड मोडले आणि ते त्यातच गेले. त्यांच्या मुलांनी पडवीत उभे राहून मॅडमना नाही नाही ते ऐकवले. तेव्हापासून कोणी नुसते उभे राहिले तरी मॅडम हातातले काम टाकून धावत.

अशा ठिकाणी एकोणिसाव्या म्हणून चंद्रावती आजी आल्या.

आजी डहाणूच्या कोळीवाड्यातल्या. नवरा होडी घेऊन जाई आणि आजी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत, बाजारात मासळी विकत. टोपली डोक्यावर घेऊन चाळीस वर्षे चाललेले ते पाय. त्यांचा मुलगा जिग्नेश सुरतला नोकरीला. तो आणि त्याची बायको दिवसभर बाहेर, आणि आजींना अलीकडे विसरायला होत असे. दोनदा गॅस चालू राहिला, म्हणून त्याने त्यांना इथे आणून ठेवले. जाताना तोच रडला, आजी रडल्या नाहीत.

आजींना बसवत नसे. सकाळपासून पडवीत येरझाऱ्या चालत. स्वयंपाकघरात शिरून सुक्या मासळीची पुडी नाकाला लावत आणि म्हणत, "हा बोंबील जुना हाय गो. परत दे त्याला." कोणी बसा म्हटले की म्हणत, "बसून ऱ्हायले तर नासेन मी." सगळे हसत. मीही कोपऱ्यात उभी राहून त्यांची वर्दळ पाहत असे. मला वाटे, या बाईला माझी गरज कधीच लागू नये.

श्रावणात पडवी ओली होती. आजींचा पाय घसरला. कपाळाला तीन टाके पडले आणि मनगट सुजले. त्याच दुपारी मॅडमनी जिग्नेशला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मॅडम, तुम्हीच बघा ना," तो म्हणाला. "ती पडली नाही पाहिजे, बस. मला सारखी सुट्टी नाय मिळत."

"मग त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून ठेवावं लागेल. उठू नयेत म्हणून थोडं बांधावं लागेल."

मग तो म्हणाला, "तुम्हाला बरोबर वाटतं ते करा."

आजी तिथेच, हाताच्या अंतरावर, कपाळाला पट्टी बांधून बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही.

"दोरी नको, वळ उठतात," मॅडम कमळीला म्हणाल्या. "काहीतरी मऊ घे." कमळीने एक जुनी हिरवी ओढणी आणली. आजींच्या पोटावरून ती माझ्या दोन्ही हातांना गुंडाळली आणि गाठ माझ्या पाठीमागे मारली, आजींचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. मग माझा ब्रेक लावला. "थोडा वेळ हां, आजी," ती म्हणाली. तिने आजींकडे पाहिले नाही.

तो थोडा वेळ सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढचे पाच महिने.

पहिले काही दिवस आजी ओरडत. "गो कमळी, सोड मना! मी काय बैल हाय?" त्या पायांनी जमीन रेटत, पण ब्रेक लावलेला असल्यामुळे मी हलत नसे. त्यांच्या पायांचा जोर माझ्या सांगाड्यात उतरे आणि तिथेच मरून जाई. मला वाटे, तो वापीचा कारागीर आत्ता इथे असता तर काय म्हणाला असता? मग आजी गयावया करू लागल्या. "एक फेरी मारते आणि येऊन बसते. शप्पथ." कमळी म्हणे, "मॅडम ओरडतील हो आजी." तिचेही खरे होते. दोन बायका आणि एकोणीस माणसे. ती कोणाला तरी आंघोळ घालत असे, कोणाला तरी भरवत असे.

आजींना लघवीला लागली की त्या हाक मारत. कमळी येईपर्यंत कधी कधी उशीर होई. माझी बैठक ओली होई आणि आजी मान खाली घालून बसत. ज्या बाईने भर बाजारात गिऱ्हाइकांशी तासन्‌तास वाद घातले, तिच्या तोंडून तेव्हा शब्द फुटत नसे. मग त्यांना डायपर लावू लागले. "आता बघा, केवढी सोय झाली," जानी म्हणाली. त्या दिवसापासून आजींनी हाक मारणे सोडून दिले.

मित्रांनो, माझे तोंड भिंतीकडे केलेले असे. भिंतीवर ओलीने सुटलेला एक पोपडा होता आणि बाजूच्या गजांतून चिकूच्या झाडाची एक फांदी दिसे. पाच महिने आम्ही दोघींनी तेवढेच पाहिले. माझ्या एका टायरातली हवा गेली. ब्रेकला गंज चढला. आजींच्या पोटऱ्या सुकून काठीसारख्या झाल्या, टाचेला जखम झाली. ताट जवळ ओढता येत नसे म्हणून जानी त्यांना चमच्याने भरवी, खरे तर त्यांच्या हातांना काही झाले नव्हते. "शांत झाल्यात आता अगदी," मॅडम समाधानाने म्हणत. ओढणी माझ्या हातांना बांधलेली, म्हणून बांधणारी मीच आहे असे मला वाटू लागले होते. आजी कूस वळवायला गेल्या की तिचा काच पहिल्यांदा मला कळे.

डिसेंबरमध्ये तपासणीला माणसे येणार असे कळले. त्या दिवशी सकाळी ओढणी घडी घालून कपाटात गेली. आजींना नवी शाल पांघरली, माझे तोंड अंगणाकडे फिरवले. तपासणीला आलेल्या संगिताबाई माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. त्यांच्या मांडीवर फाईल होती.

"आजी, इथे काही त्रास आहे का?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिले.

"नाय."

"जेवण कसं असतं?"

"बरा हाय."

संगिताबाईंनी लिहून घेतले. मला तोंड असते तर मी ओरडले असते. बाई, माझ्या हातांवर कापडाने घासून पडलेल्या या पट्ट्या बघा, यांचा रंग का उडाला ते विचारा! पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खुर्चीकडे कोण बघतो? त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि धूळ खाली बसण्याआधी कपाट उघडल्याचा आवाज आला.

त्यानंतर महिन्याभराने ती दुपार आली.

तीन वाजले असतील. चहा उकळत होता. एकाएकी जमिनीखालून जड ट्रक गेल्यासारखी घरघर झाली आणि खिडक्या थडथडल्या. धक्का चार-पाच क्षणांचा, पण नेहमीपेक्षा मोठा. दोन कौले घसरून अंगणात फुटली. "बाहेर! सगळे बाहेर!" मॅडम ओरडल्या. कमळी आणि जानीने माणसांना हाताला धरून बाहेर काढले. अंथरुणाला खिळलेल्या काकड्याबाबांना दोघींनी चादरीत घालून उचलून नेले. गडबडीत भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची कोणाच्या लक्षात आली नाही.

पडवीत आम्ही दोघी उरलो. आजींनी पाय रेटले. "हल गो," त्या म्हणाल्या. "हल ना."

मित्रांनो, त्या माझ्याशी बोलत होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. आणि मला हलता येत नव्हते.

बाहेर मॅडम माणसे मोजत होत्या. मग त्यांचा आवाज चिरकला. "अठराच आहेत. कोण राहिलं?"

"आजी!" कमळी किंचाळली. ती अंगणातून पळत आली. ती दारात पोचली आणि जमीन पुन्हा हादरली. एक कौल माझ्या डाव्या चाकाशेजारी आपटून फुटले. आजींना पुढे वाकून डोके झाकायचे होते, पण ओढणी त्यांना वाकू देईना. कमळीने मागची गाठ धरली. आजींनी ओढून ओढून ती दगडासारखी घट्ट झाली होती. "सुटत नाय! माझ्या देवा, सुटत नाय!" तिने ब्रेक खेचला. तो गंजून बसला होता. मग तिने मला मागे कलते केले आणि दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. माझी चाके फिरत नव्हती, फरशीवर फरफटत होती. उंबऱ्याशी मी अडकले. कमळीने हिसका दिला, पाय ठेवायचा माझा एक दांडा मोडून तिथेच पडला आणि आम्ही तिघी अंगणात कोसळलो. पाठीमागे पडवीच्या कोपऱ्यात कौलांची रास खाली आली.

जानीने सुरी आणून ओढणी कापली.

कोणाला मोठी इजा झाली नाही. कमळीच्या कोपरातून रक्त येत होते. ती ओढणीचे दोन तुकडे हातात घेऊन मॅडमसमोर उभी राहिली.

"उद्यापासून मी बांधणार नाय. मना कामावरून काढा."

मॅडम तिच्याजवळ आल्या. "आणि त्या पडल्या तर? जबाबदारी कोण घेणार, तू?"

"आज कौल डोक्यात पडलं असतं तर जबाबदारी कोणाची होती?"

मॅडम आत जाऊन पाणी घेऊन आल्या आणि आजींना स्वतः पाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतला राडा आवरून झाल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या आणि माझ्यात बसल्या.

"कमळी, मला बांध."

"काय बोलता मॅडम!"

"बांध म्हणते ना. नेहमी बांधतेस तशीच. आणि तुझ्या कामाला जा."

कमळीने दुसरी ओढणी आणली, बांधली आणि गेली. आजी समोरच्या खाटेवर बसून हे पाहत होत्या. थोड्या वेळाने टेबलावर मॅडमचा फोन वाजला. त्या सवयीने उठायला गेल्या आणि ओढणी पोटात रुतली. फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी बूड हलवले, पाय हलवले. माझ्या बैठकीतून मला त्यांच्या छातीची धडधड कळत होती.

"कमळी!"

"आले, आले!" न्हाणीघरातून आवाज आला. कोणाच्या तरी अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

"कमळी, सोड आता!"

तेव्हा खाटेवरून आजी बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "थोडा वेळ हां, पोरी."

मॅडमनी चेहरा ओंजळीत झाकला. कमळी आली तेव्हा त्या रडत होत्या.

त्यानंतर सगळे एका दिवसात सुधारले असे नाही. डहाणूहून प्रविण नावाचा व्यायाम शिकवणारा आठवड्यातून दोनदा येऊ लागला. आजींच्या पोटऱ्या चाचपून तो म्हणाला, "पडू नये म्हणून बसवलंत, आणि बसवल्यामुळेच पाय गेले. आता वेळ लागेल." भिंतीला धरायला दांडा बसला, न्हाणीघरात रबरी चटई आली, सकाळच्या कामाला आणखी एक बाई आली. माझ्या ब्रेकलाही तेल मिळाले आणि टायरात हवा भरली. आजी आधी दोन पावले टाकायला शिकल्या, मग पाच. प्रत्येक पावलाला त्या दातओठ खात आणि प्रविणला मासळीबाजारातल्या शिव्या घालत.

मॅडमनी फोन केल्यावर एका रविवारी जिग्नेश आला. आईचे पाय पाहून तो तिथेच खाली बसला. मग हळूच म्हणाला, "पण मॅडम, मोकळं सोडलं आणि परत पडली तर?"

"पडू शकतात," एक कागद त्याच्यापुढे ठेवत मॅडम म्हणाल्या. "आम्ही जपू. पण पडणारच नाहीत असं मी सांगू शकत नाही. तेच या कागदावर लिहिलंय."

त्याने खिशातून पेन काढले. मॅडमनी कागद त्याच्यासमोरून उचलला आणि आजींपुढे ठेवला.

"सही तुमची नको. त्यांची."

मग त्यांनी कागदावरचे सगळे सावकाश वाचून दाखवले, आजींनी विचारले तिथे दोनदा. आजींनी पेन मुठीत धरले. प्रौढांच्या वर्गात शिकलेली मोठमोठी अक्षरे काढत त्यांनी आपले नाव लिहिले. त्याला बराच वेळ लागला आणि कोणी घाई केली नाही.

"मना तवाच विचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं," त्या मुलाला म्हणाल्या. "पडले तर मी पडेन. तू नाय."

जिग्नेशने त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि टाचेच्या जखमेला मलम लावत बसला.

आणि मित्रांनो, आजी पडल्या. चैत्रातल्या एका सकाळी अंगणातल्या नळापाशी. कमळी दोन पावलांवर होती, तरी पडल्या. कोपर खरचटले, बांगडी पिचली. मॅडम धावत आल्या. आजी चिखलात बसल्या होत्या. "थांब, ओढू नको," त्या कमळीला म्हणाल्या. "मी उठते." आधी गुडघ्यावर आल्या, मग नळाला धरून उभ्या राहिल्या.

मी पडवीतून हे पाहत होते. कमळी आत गेली आणि हातात कापड घेऊन तडक माझ्याकडे आली. माझ्या सांगाड्यातली एकेक नळी गार पडली. पुन्हा तेच, मला वाटले. पुन्हा ती भिंत.

कमळीने वाकून माझी बैठक पुसली. ते ओले फडके होते. मग तिने ब्रेक सोडला आणि काकड्याबाबांना उन्हात न्यायला मला त्यांच्या खोलीकडे ढकलत नेले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी थकलेले माणूस असेल. त्याला जपताना तुम्हाला भीती वाटेल, आणि भीती वाटणे चूक नाही. पण त्याच्यासाठी काहीही ठरवायच्या आधी त्याच्यासमोर बसा आणि त्यालाच विचारा. उत्तर यायला उशीर लागला तर थांबा. मी पाच महिने एका माणसाला धरून ठेवले आहे. ते किती जड असते हे मला ठाऊक आहे. तो भार दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवर घालू नका.